चमचाभर दही

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, देवाशप्पथ! म्हणजे निम्मी तरी आहेच. फार पूर्वी सुगंधावहिनींच्या मडक्याच्या तळाशी विरजणापुरतं चमचाभर दही उरलं होतं. तेवढ्यात शेजारची मथुरा वाटी घेऊन आली.

“वहिनी, विरजण आहे का हो?”

दही मडक्याच्या तळाला घट्ट चिकटलं. “मडकेदादा, मला वाटून टाकलं तर मी उरणार किती?”

“वेडंच आहेस!” मडकं हसलं. “उरायचं कशाला? कोमट दुधात डोळे मिटून खुशाल पड.”

निम्मं दही मथुरेच्या वाटीतून गेलं, निम्म्यावर वहिनींनी दूध ओतलं. देवाचं नाव घेत ते झोपी गेलं. सकाळी बघतं तर काय, दोन घरांत दोन मडकी काठोकाठ भरलेली, आणि दोन्हींत तेच!

दही बोललं ते अगदी खरं. मडक्याचं उत्तर मात्र माझ्या पदरचं. मडकी कधी बोलतात का?