ढिगाजवळचा पहारा

फार जुन्या काळातली कार्तिक वद्य पंचमी होती आणि सकाळी दाट धुकं पडलं होतं. त्या दिवशी रानातल्या प्राण्यांनी गुहेतल्या बियाण्यावर बंदी घातली. पेरणीपर्यंत ढीग कुणीही पाहावा, पण दाणा हलवू नये. दारात साळूला बसवलं. येणारे-जाणारे तिच्याशी दोन शब्द बोलत, तेवढीच तिला सोबत.

तरीही ढीग खचू लागला.

"साळूताई, झोपा काढता का?" खार म्हणाली. "पेरायचं काय, तुमचे काटे?"

"अगं, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे गाल तपासते मी!"

साळू आत गेली. ढिगामागे उंदीर निवांत दाणे फोडत होता.

"तुला आत कुणी सोडलं रे?"

"कुणी नाही, मावशी. मी बंदीच्या आधीपासून इथंच आहे. दारातून गेलोच नाही, तर विचारणार कोण?"

साळूने दार सोडलं. ती आत अंधारात ढिगाला टेकून बसली. कुणी कधीही आलेला असो, दाण्याला तोंड लावताच त्याला काटा टोचू लागला. पाहायला येणारे दुरूनच पाहून परतू लागले.

साळू आत बसली तेव्हा ढीग जेवढा होता, पेरणीला तेवढाच निघाला. पण दार सोडल्यापासून साळूशी कुणी बोललं नव्हतं.