आत्याबाईंची बाजू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मला ज्यानं सांगितली त्यालाही ते ठाऊक नव्हतं, आणि तो उगाच ठोकून देणाऱ्यांतला नव्हता.

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथे थंडी अशी पडायची की सकाळी माणसांच्या आधी दात बोलायचे. म्हणून तिथल्या घराची श्रीमंती सोन्यानाण्यावर ठरत नसे. घरात गोधड्या किती, आणि पाहुणा आला तर त्याला वेगळी गोधडी निघते का, एवढंच लोक बघत.

गोधडी शिवायची तिथली रीत मोठी छान होती. एकटीनं गोधडी शिवायचीच नाही. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि दोघींनी दोन काठांना समोरासमोर बसायचं. आपापल्या काठापासून टाके घालत, ओळीमागून ओळ, दोघी आत सरकत यायच्या. महिन्या-दीड महिन्यानं मध्यावर पोचल्या की दोघींच्या दोऱ्यांची एक गाठ मारायची. त्या गाठीला गळाभेट म्हणत. त्या दिवशी घरात गुळाचं काहीतरी गोड होई. भांडकुदळ जावासुद्धा तोवर बोलायला लागलेल्या असत. दीड महिना समोरासमोर बसून अबोला धरणार तरी किती?

अशाच एका गावात सगुणा आणि तिची सासू राहत. सगुणाचा नवरा मेंढरं घेऊन चार-चार महिने रानोमाळ हिंडायचा, त्यामुळे घरात दोघीच. त्या मुलखात सासूला आत्याबाई म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

सगुणा लग्न होऊन आली तेव्हा तिला सुई कुठून धरतात हेही माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी तिनं गोधडी कमी आणि बोटं जास्त शिवली. आत्याबाई कधी ओरडल्या नाहीत. टोचलेल्या बोटाला हळद लावायच्या आणि म्हणायच्या, "रगात येतंय म्हंजे हात शिकतोय. चालू दे."

बारा वर्षं गेली. सगुणाचा हात असा बसला की तिचा टाका तांदळाच्या कणीएवढा पडू लागला. चार गावांच्या बायका बघायला येत. आत्याबाईंची नजर मात्र दरवर्षी थोडी थोडी विझत गेली. आता त्या बोटांनीच बघत. त्यांचा टाका लांब पडे, दोन टाक्यांत अंतर राही, ओळही कधी जरा वाकडी जाई. तरी दोघी रोज दुपारी समोरासमोर बसत, आणि सगुणाला दिवसातली तीच वेळ सगळ्यांत आवडे.

एके वर्षी गावात दवंडी पिटली. राज्यात नवी राणी आली होती, मैदानातल्या मुलखातली, थंडीनं बेजार झालेली. तिला राज्यातल्या उत्तमोत्तम गोधड्या डोळे भरून पाहायच्या होत्या. प्रत्येक गावानं एक गोधडी आणायची. शिवणाऱ्या दोघींनी जोडीनं यायचं. जी जोडी पहिली येईल तिला राणी स्वतःच्या हातानं शेला पांघरणार होती.

गावानं एकमुखानं सगुणाच्या घराकडे बोट दाखवलं. सगुणाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आत्याबाईंनी पेटी उघडली. स्वतःची लुगडी, गेलेल्या मालकांची धोतरं, सगुणाची लग्नातली साडी, सगळं काढलं. एकेक कापड बोटांत धरून चाचपलं, ताणून पाहिलं, गालाला लावलं. "हे तुज्याकडं. हे माज्याकडं. हेबी माज्याकडंच," असं पुटपुटत सगळे थर त्यांनी स्वतः अंथरले. सगुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती सुयांची टोकं तपासत होती.

दीड महिन्यानं गळाभेट झाली. शेजारच्या भागाकाकू गोधडी बघायला आल्या. त्यांनी हनुवटीवर बोट ठेवलं.

"सगुणे, तुजी बाजू बघून डोळं निवलं बघ. पर ही दुसरी बाजू? गाडीला एकीकडं घोडा आन् एकीकडं म्हातारा बैल जुंपल्यावानी दिसतंय गं! रानीपुढं न्यायचीय ही."

भागाकाकूंच्या मनात वाईट नव्हतं. पण काही माणसं काडी टाकून निघून जातात आणि आग दुसऱ्याच्या घरात लागते.

दुसऱ्याच दिवशी आत्याबाई नातीच्या बारशाला लेकीच्या गावी गेल्या. आठ दिवस येणार नव्हत्या. सगुणानं गोधडी उन्हात पसरली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसली. मग तिनं आत्याबाईंच्या बाजूचा पहिला टाका उसवला.

पहिला उसवताना तिनं दोनदा दाराकडे बघितलं. दहावा उसवताना बघितलं नाही. 'आत्याबाईंचंच नाव होईल की,' असं ती मनाशी म्हणाली. मन फार सोयीचं असतं; आपल्याला हवं तेच ते आपल्याला समजावतं. दोरे सहज निघून आले. कापडावर भोकांच्या ओळी राहिल्या, त्या तिनं पाणी शिंपडून, हातानं दाबून सारख्या केल्या. मग आठ दिवस उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत खपून तिनं ती सगळी बाजू कणीएवढ्या टाक्यांनी भरून काढली. आता कुठली बाजू कुणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

आत्याबाई आल्या. हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "आन गं ती गोधडी. हात फिरवू दे जरा."

सगुणानं गोधडी पुढ्यात ठेवली. आत्याबाईंची बोटं काठावरून निघाली, दोन वीत पुढे गेली आणि थांबली. मागे आली. पुन्हा पुढे गेली. चुलीवर भात रटरटत होता.

"लई बारीक झाल्यात टाकं," आत्याबाई म्हणाल्या. "झाक झालीय." आणि गोधडीची नीट घडी घालून त्या भात उतरवायला उठल्या.

त्या ओरडल्या असत्या, रडल्या असत्या तर सगुणाला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं नव्या गोधडीचे थर अंथरले आणि हाक मारली. आत्याबाई दारात बसून शेंगा निवडत होत्या. "माजं ऱ्हाऊ दे आता," त्या म्हणाल्या. "भागाबाईला बोलीव समोर. म्हातारपनी कशाला दुसऱ्याचं काम वाढवायचं?"

सगुणा आपल्या काठाशी बसली. समोरचा काठ रिकामा होता. चूक झाली, असं म्हणायला तिनं तीनदा तोंड उघडलं आणि तीनही वेळा ते मिटलं. आपण केलं ते आत्याबाईंना ठाऊक आहे, हे तिला कळत होतं. ते बोलून दाखवायची हिंमत तिच्यात नव्हती.

प्रदर्शनाचा दिवस आला. राजवाड्याच्या मोठ्या अंगणात बांबू बांधून त्यांवर गोधड्या टांगल्या होत्या. सगुणानं आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. एका गोधडीवर कुंभाराच्या घरच्या दोघींनी चाक फिरावं तसे काठांपासून मध्यापर्यंत गोल गोल टाके घातले होते. एकीवर सगळ्या गावाच्या पागोट्यांचे तुकडे होते, लाल, केशरी, एकही सारखा नाही. एकीवर इतक्या चिमुकल्या चौकटी होत्या की मोजता मोजता सगुणा दोनदा चुकली.

ती आत्याबाईंचा हात धरून एकेका गोधडीपाशी थांबत होती आणि रंग सांगत होती. आत्याबाई हात फिरवत आणि बाकीचं त्या सांगत.

"ही दोघी भनींनी घातलीय. मधी भांडान झालं होतं बघ, हितनं दोरा आवळून वढलाय." दुसरीपाशी त्या हसल्या. "हिचं ध्यान चुलीवरच्या दुधात होतं." तिसरीवर त्यांचा हात बराच वेळ राहिला. "ही लेकराच्या वाटंकडं डोळं लावून शिवलीय. लेकरू आलं आसंल, न्हाई का?"

सगुणाला वाटलं, बारा वर्षं आपण फक्त टाके घालायला शिकलो, वाचायला नाही. तिनं आत्याबाईंचा हात आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात राणी त्यांच्या गोधडीपाशी आली. आत्याबाईंचा काठ वर बांधलेला होता आणि सगळी गोधडी त्याच्या आधारानं लोंबत होती. राणी बघतच राहिली.

"किती नाजूक! आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या. दोघींनी शिवलीय असं वाटतच नाही."

ती कौतुकानं म्हणाली, पण सगुणानं मान खाली घातली. राणीनं जवळून बघायला गोधडीचं खालचं टोक हातात घेऊन हळूच ओढलं.

टर्रकन आवाज झाला. वरच्या बाजूला, टाक्यांच्याच एका ओळीवरून, गोधडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटली आणि आतले थर बाहेर लोंबू लागले.

अंगणात कुजबुज उठली. "फाटली ती म्हातारीचीच बाजू आसंल!" "दिसत न्हाई तर सुई धरायची कशाला?" "बिचाऱ्या सुनेची मेहनत मातीत घातली!"

आत्याबाई एक पाऊल पुढे झाल्या. त्यांनी हात जोडले. "व्हय रानीसाब. माजीच बाजू हाय ती. म्हाताऱ्या हाताचा काय भरवसा? सुनेला बोल लावू नगा."

आता सगुणाला गप्प बसता आलं असतं. कुणाला काही कळलंही नसतं. पण तिचं अंतःकरण इतकं भरून आलं की गप्प बसणं तिला जमेना.

"खोटं हाय ते!" ती ओरडली. "ती बाजू आत्याबाईंची न्हाई. त्यांचं टाकं मी उसवलं. लांब होतं म्हनून मला लाज वाटली. त्या गावाला गेल्या तवा मी सगळं माज्या हातानं पुन्ना घातलं. फाटलं ते माजं शिवान हाय." आणि भर अंगणात तिनं आत्याबाईंचे पाय धरले. "तुमी वळखलं, आन् मी तोंडातनं सबूद काढला न्हाई. चुकले मी, आत्याबाई."

आत्याबाईंनी तिला उठवलं, तिचं तोंड पदरानं पुसलं. राणीनं हळूच विचारलं, "आजी, पण तुमचे टाके लांब का होते? दिसत नाही म्हणून?"

"दिसत न्हाई हे खरं. पर टाका त्यापायी लांब नव्हता," आत्याबाई म्हणाल्या. "त्या बाजूचं कापड विरलेलं हाय. चाळीस वरसं धुतलेली लुगडी माजी. आसल्या कापडाला सुईचं भोक म्हंजी जखम. जवळ जवळ भोकं पाडली तर त्या रेघंवर ते फाटतं. लांब टाका घातला तर तग धरतं. जीव असलेलं कापड मी सुनेकडं दिलं. तिचा हात बारीक, त्येला शोभंल आसं. विरलेलं माज्याकडं ठिवलं. ते सांबाळायची मला सवय हाय."

सगुणानं डोळे पुसले. "मग मला सांगितलं का न्हाई?"

"तू कुटं इचारलंस?" आत्याबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "आन् मी तरी कुटं बोलले? मला वाटलं, तुला माजा हातच नगोसा झाला."

शेला दुसऱ्या गावच्या जोडीला मिळाला. तसंच व्हायला हवं होतं. फाटलेल्या गोधडीला पहिला मान कोण देईल? पण शेला पांघरून झाल्यावरही लोक घरी जाईनात. कारण अंगणात एका कोपऱ्यात सगुणानं ती फाटकी गोधडी अंथरली होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "लांब टाका मला येत न्हाई. कसा घालायचा?"

"आदी सुई ववून दे," आत्याबाई म्हणाल्या आणि फाटलेल्या काठाशी मांडी घालून बसल्या. सगुणा समोर बसली. आत्याबाईंनी तिचा हात हातात घेतला, तिची बोटं विरलेल्या कापडावरून फिरवली आणि म्हणाल्या, "आदी त्येला इच्यार, तुला किती सोसंल. मग टोच."

राणी उभी होती ती खाली बसली. हळूहळू सगळ्या बायका भोवती बसल्या. त्या दिवशी त्या राज्यातल्या उत्तमोत्तम शिवणाऱ्या बायका, कणीएवढ्या टाक्यांचा अभिमान बाळगणाऱ्या, एका आंधळ्या म्हातारीकडून लांब टाका शिकल्या. तेव्हापासून त्या मुलखात एक नवी रीत पडली: समोरचीचा टाका उसवायचा असेल तर आधी तिच्याशेजारी जाऊन बसायचं आणि 'हा असा का घातलात?' म्हणून विचारायचं. बहुतेक वेळा उसवायची गरजच पडत नसे.

तात्पर्य: दुसऱ्याचं काम उसवण्याआधी ते त्यानं तसं का केलं हे त्याला विचारावं, त्या विचारण्यानं कामही टिकतं आणि माणूसही.