एका झटक्यात बसवलेला खांदा

“एकाच झटक्यात बसला, सर! याहून चांगला कुणाला जमला असता?”

विचारत होता निरंजन मगदूम. हाडांच्या विभागातला सगळ्यांत हुशार शिकाऊ डॉक्टर. आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

खाटेवर हिंदूराव पैलवान बसला होता. सकाळी आखाड्यात डाव फसला, हातावर पडला आणि खांदा निखळला. अभ्यंकर सर यायच्या आतच निरंजनने तो बसवून टाकला होता.

सरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाड जागच्या जागी होतं.

“सुरेख.”

निरंजनची छाती फुगली. फुगावी असंच काम होतं, हे कबूल करायला हवं.

“तिथली नस कशी जाते रे?”

“काखेतून मागे वळते, सर. दंडाच्या हाडाला वेढा घालून पुढे येते. हात उचलणाऱ्या स्नायूला ताकद देते, वरच्या कातडीला स्पर्श. खांदा निखळला की ताणली जाते. बसवताना ओढलं तरी दुखावते.”

सगळं एका दमात. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

“वा! पैलवान, डोळे मिटा. याला शाबासकी दिली, आता तुम्हालाही देतो. पोचली की सांगा.”

सरांनी त्या खांद्याच्या बाहेरच्या अंगावरून दोन बोटं अलगद फिरवली.

“द्या की, सर,” पैलवान डोळे मिटूनच म्हणाला.

निरंजनचा चेहरा खर्रकन उतरला.

“ओढण्याआधी तिथे बोट फिरवून पाहिलं होतंस?” सरांनी त्याच्या कानाशी हळूच विचारलं.

निरंजनने नकारार्थी मान हलवली.

“मग नस पडल्यानं गेली, की तू ओढल्यानं?”

“ते... आता कुणालाच कळणार नाही, सर,” निरंजन पुटपुटला.

पैलवानानं डोळे उघडले आणि धडधाकट हातानं निरंजनचा हात घट्ट धरला. “डागदर, देव हायसा बघा तुमी! औंदा जत्रंतली कुस्ती तुमच्या नावानं!”

निरंजनने कसाबसा हात सोडवला. सरांना दारापाशी गाठलं.

“नस परत येईल ना, सर?”

“बहुतेकांची येते. महिने लागतात. एखाद्याची येत नाही.”

“तो मला देव म्हणतोय, सर... काय सांगू त्याला? पडल्यामुळं झालं की माझ्यामुळं, मलाच ठाऊक नाही.”

सरांनी त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला खाटेकडे वळवलं.

“तेच सांग.”