हेडफोनने पुसलेलं नाव

वस्तू आपापसात बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. इरावती शिकायला परगावी गेली, तेव्हा तिने फोन सोबत नेला आणि हेडफोन कमी ऐकू येणाऱ्या वडिलांना दिला. वडिलांचा फोन त्याला जोडून घ्यायला रोज हाक मारी, पण हेडफोन आपल्या जुन्या सोबत्याला, इरावतीच्या फोनलाच शोधत राही.

एका संध्याकाळी इरावतीने फोन केला. "बाळा, तू काय बोलतेस ते कळतच नाही," वडील म्हणाले.

"त्याला विसरलास, तरच आपण जोडले जाऊ," वडिलांचा फोन हळूच म्हणाला.

हेडफोनला ते फार जड गेलं. तरी त्याने आठवणीतून जुन्या सोबत्याचं नाव पुसलं.

"बाबा, जेवलात का?" वडिलांना स्पष्ट ऐकू आलं. त्यांचे डोळे भरून आले. पलीकडे आपलाच सोबती आहे, हे हेडफोनला मात्र आता ओळखू आलं नाही.