पाठीच्या पाण्यातली साखर

एकदा एका वृद्ध डॉक्टरांच्या हाताखाली एक शिष्य शिकत होता. बुद्धी तल्लख, आणि पाठांतर असे की पुस्तकानेच त्याला घाबरावे. त्यांच्याकडे एका पेढेवाल्या शेठला आणले. बरेच दिवस ताप, मान ताठ, डोके फुटतेय. पेढे तोलता तोलता झोपी जाऊ लागला होता.

मेंदूभोवती आणि कण्यात जे पाणी असते, त्यातले थोडे शिष्याने पाठीतून सुईने काढले. मेंदूच्या आवरणाला सूज कशाने आली, हे ते पाणी सांगते. पाणी नितळ निघाले. तपासणीत पेशी वाढलेल्या, पण पू करणाऱ्या नव्हेत. साखर मात्र पुस्तकात छापल्यासारखी चोख.

"विषाणूचं दुखणं आहे, काकू," शिष्य शेठाणीला म्हणाला. "आपोआप उतरेल. न्या घरी."

गुरूंनी शेठचे बोट धरले आणि कचकन टोचले.

शिष्याला हसू आवरेना. "सर, दुखणं डोक्यात, पाणी काढलं पाठीतून. मग बोटाचा काय गुन्हा?"

गुरूंनी साखर मोजायचे यंत्र त्याच्यापुढे धरले. रक्तातली साखर पाठीच्या पाण्यातल्या साखरेच्या पाचपट! हसू जागच्या जागी विरले.

"ह्यांना मधुमेह आहे?" गुरूंनी विचारले.

शेठाणी पदराशी चाळा करू लागली. "दुकान पेढ्यांचं, साहेब. गिऱ्हाईक काय म्हणेल, म्हणून सांगत नाहीत कुणाला."

"म्हणजे आम्हीपण गिऱ्हाईकच!" गुरू खो खो हसले. मग शिष्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "अरे, पाठीच्या पाण्याला साखर रक्तातूनच मिळते. रक्ताच्या निम्म्याहून अधिक तिथं असायला हवी. इथं बाहेर पूर आणि आत चूळभर! विषाणू सहसा साखर इतकी घटवत नाही. इतक्या दिवसांचा ताप, नितळ पाणी आणि घटलेली साखर, म्हणजे आधी संशय क्षयाचा. आकडा तू बरोबर वाचलास, बाळा. कशाच्या मानानं, एवढंच विचारलं नाहीस."

क्षयाच्या तपासण्या पाठवल्या; पण उत्तराची वाट न पाहता औषध त्याच दिवशी सुरू झाले. पुढे उत्तरही क्षय असेच आले. शेठ हळूहळू सावध झाला, उठून बसला, आणि दुकानावर कोण बसलेय म्हणून बायकोवर खेकसला. तिला रडू फुटले.

"डॉक्टर, तेव्हा घरी नेलं असतं तर?"

शिष्याने गुरूंकडे पाहिले. गुरू खिडकीबाहेर पाहत होते.

"तर चूक माझी असती, काकू," शिष्य म्हणाला, "आणि मी दोष नशिबाला दिला असता."

आकडा एकटाच भेटायला आला, तर त्याच्या घरच्यांची चौकशी करावी.