घरचंच डोकं

एका तालुक्याच्या गावात शलाका नावाची एक मुलगी राहत होती. देवाने तिला दोन चांगले हात दिले होते, पण ते एका जागी ठेवायची अक्कल द्यायची तेवढी राहून गेली होती. चुलीवर भात ठेवला की ही सारखं झाकण काढून बघायची. मग भात शिजायला उशीर व्हायचा आणि ही तांदळाला नावं ठेवायची.

बाजारपेठेत विमलताईंचं पार्लर होतं, तिथे ती काम शिकत होती. वर्षभर तिने केर काढला, टॉवेल धुतले, रंग कालवले. पण कालवलेला रंग गिऱ्हाइकाच्या केसांना लावायचा ब्रश काही तिच्या हाती येईना. तिचे हात नुसते शिवशिवत असत. शेवटी एकदा विमलताई म्हणाल्या की एक डोकं नीट रंगवून सोमवारी माझ्यासमोर आण, मग ब्रश तुझा. वर त्यांनी आपला नेहमीचा नियमही ऐकवला: आधी विचारायचं, मग बट बघायची, मगच डोक्याला हात लावायचा. केसांना पूर्वी काय काय लावलंय ते विचारून घ्यायचं, आणि मानेवरच्या एका बारीक बटेला रंग लावून काय होतं ते पाहायचं, असा त्याचा अर्थ.

शलाकाने मान डोलावली. मान डोलावण्यात ती पटाईत होती.

आता डोकं कुणाचं आणायचं? शलाकाची आत्या, कावेरीआत्या, पलीकडच्याच आळीत राहायची. साठी उलटली तरी तिचे केस काळेभोर होते आणि त्यांचा तिला कोण अभिमान. लग्नाच्या मांडवात असो की दळणाच्या रांगेत, ती सांगायची की माझ्या केसांना माक्याच्या तेलाशिवाय आजवर काही लागलं नाही. ऐकणाऱ्या बायका मुकाट्याने आपला पदर डोक्यावर ओढून घ्यायच्या.

शलाकाने आत्याला गळ घातली. तपकिरी रंग लावू, दहा वर्षांनी तरुण दिसशील, म्हणाली. आत्याने आधी गुडघे दुखतात म्हटलं, मग आज एकादशी आहे म्हटलं. पण घरातले सगळे मागे लागले, भाचीसाठी एवढं करणार नाहीस का म्हणाले. तेव्हा आत्या रविवारी दुपारी गप्प येऊन पाटावर बसली. बसली खरी, पण सारखी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

शलाकाला विमलताईंचा नियम आठवला. पण मनाने लगेच उत्तर दिलं, गिऱ्हाइकाचं ठीक आहे, आत्याला काय विचारायचं? जिच्या केसांची ख्याती गावाला पाठ आहे, तिची बट कसली बघायची? घरचंच तर डोकं आहे. ‘अति घाई, संकटात नेई’ ही घाटातली पाटी तिने एसटीतून कितीदा वाचली होती, पण ती ड्रायव्हरांसाठी असते अशी तिची समजूत होती.

तिने भराभर रंग थापला आणि वरून प्लॅस्टिकची टोपी चढवली. मग ती ओसरीवर येरझाऱ्या घालू लागली. मध्येच टोपी उचलून बघे, परत ठेवी, परत उचली. थोड्या वेळाने आत्या म्हणाली की डोकं तापतंय गं. शलाका हसून म्हणाली की तुझं डोकं कधी थंड असतं? पण टोपीला हात लावला तर ती खरोखरच चटका बसेल इतकी गरम झाली होती. शलाकाची गाळण उडाली. तिने आत्याला ओढतच न्हाणीत नेलं आणि गार पाणी ओतलं. काळं पाणी मोरीतून वाहून गेलं आणि खाली जे केस उरले ते तळ्यातल्या शेवाळासारखे हिरवे होते. विंचरायला गेली तर पुंजकेच्या पुंजके फणीत आले.

घरात एकच गोंधळ उडाला. शलाकाच्या आईने तिला फैलावर घेतलं. पण आत्या, जी एरवी आमटीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायची, ती डोक्यावर पदर ओढून कोपऱ्यात जाऊन बसली.

सोमवारी सकाळी दोघी पार्लरमध्ये गेल्या. आत्याने पदर कपाळापर्यंत ओढला होता. खुर्च्यांवर गावातल्याच बायका बसलेल्या होत्या. विमलताईंनी एक बट बोटांत चोळली आणि म्हणाल्या, “ह्यावर आधी काहीतरी लागलेलं आहे. बरीच वर्षं. त्यावर आपला रंग पडला की केस असे तापून जळतात.”

शलाकाने आत्याकडे पाहिलं. आत्या खाली फरशीकडे बघत होती. आता शलाकाला सगळं कळलं. नुसतं “आत्या आम्हाला फसवत होती” एवढं म्हटलं असतं तर ती सुटली असती, कदाचित ब्रशही मिळाला असता. ते शब्द तिच्या जिभेवर आलेसुद्धा. पण फरशीकडे बघणारी आत्या तिला बघवेना.

“मी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “बटही पाहिली नाही. घरचंच डोकं म्हणून.”

विमलताईंनी ब्रश उचलून कपाटात ठेवला. तेवढ्यात आत्याने पदर मागे घेतला. सगळ्या बायकांसमोर ती म्हणाली, “काळी मेहंदी लावते मी. पुडीतली. पंधरा वर्षं झाली. परकी पोर असती तर सांगितलं असतं. घरच्या पोरीला कसं सांगू?”

कुणी हसलं नाही. विमलताईंनी कात्री घेतली आणि हिरवे केस कापून टाकले. आत्याचं डोकं मुंजीतल्या बटूसारखं दिसू लागलं. शलाकाच्या हाती पुन्हा केरसुणी आली, आणि या खेपेला तिने तोंड वाकडं केलं नाही.

दिवस गेले. आत्याच्या डोक्यावर नवे केस आले, पांढरेशुभ्र. एका सकाळी ती पार्लरमध्ये आली आणि मधल्या खुर्चीवर ऐटीत बसली. विमलताईंनी कपाट उघडून ब्रश शलाकाच्या हातात दिला.

“आत्या, तू?” शलाका म्हणाली.

“आत्या घरी. इथे मी गिऱ्हाईक आहे. काय विचारायचं ते विचार.”

शलाकाने सगळं विचारलं. आत्याने सगळं सांगितलं, माक्याच्या तेलासकट. मग शलाकाने मानेवरची एक बारीक बट घेतली, तिला रंग लावला आणि समोर स्टूल ओढून बसली. तिचा पाय हलत होता, बोटं वळवळत होती, डोळे पुन्हा पुन्हा घड्याळाकडे जात होते. पण ती जागची उठली नाही.

तात्पर्य: परक्याला जपायला भीती पुरते, आपल्या माणसाला मुद्दाम जपावं लागतं. ‘घरचंच आहे’ असं मनात आलं, की हात आवरावा आणि तोंड उघडावं.