खाडीचा सरखेल आणि शंभर नारळ

बाळांनो, खाडीला लागून असलेल्या एका जंगलात एक कोल्हा राहत असे. कोल्हा काकडीला राजी, असं म्हणतात; हा मात्र नारळाखेरीज कशाला तोंड लावत नसे. त्याच्याजवळ एक होडी होती, म्हणून तो स्वतःला खाडीचा सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख, म्हणवून घेई. बाकीचे प्राणी त्याला चाचा, म्हणजे पाण्यावरचा लुटारू, म्हणत, पण तो लांब गेल्यावर. त्याने खाडीला एक नियम घालून दिला होता : 'पाण्यावर जे तरंगेल, ते ज्याच्या हाती आधी लागेल त्याचं.' मग येणाऱ्याजाणाऱ्या होड्यांना तो धडक मारी, त्यांचा माल पाण्यात पडे आणि हा मोठ्या तोंडाने नियम सांगत तो गोळा करी. असे करता करता पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या होडीत शंभर नारळ जमले. पावसाचे चार महिने खवळलेल्या खाडीत होडी घालता येत नसे. तेव्हा हे नारळ म्हणजेच त्याचं चार महिन्यांचं पोट.

एके दिवशी आणखी एक नारळ वाहत आला. कोल्हा होडी वळवतो न वळवतो तोच नारळ एका खेकड्याच्या जाळ्यात गेला. खेकड्याजवळ केळीच्या खुंटांचा तराफा आणि ते जाळं, एवढंच होतं. कोल्हा ओरडला, "नारळ टाक आणि मुकाट्याने समोर ये!"

"आलो असतो, सरखेल," खेकडा नम्रपणे म्हणाला, "पण मला सरळ चालता येत नाही. आणि नारळ आधी माझ्या हाती लागला. नियम आपलाच."

"नियम दुसऱ्यांसाठी असतो!" असे म्हणून कोल्ह्याने होडीवरच्या दोन माकडांना मारा करायला सांगितले. माकडांना एवढंच हवं होतं. नारळ धडाधड सुटू लागले. पण खेकड्याचा तराफाही खेकड्यासारखाच तिरका चाले. नेम धरावा समोर, तर तराफा भलतीकडेच! नारळ पाण्यात पडत, डुबुक करून वर येत आणि खेकडा जाळं टाकून ते ओढून घेई.

सुकाणूवर एक म्हातारं कासव होतं. ते म्हणालं, "सरखेल, मारा थांबवा. नारळ बुडत नाहीत हो."

"कासवबुवा, तुम्ही सुकाणू सांभाळा. लढाई आम्हाला कळते," कोल्हा म्हणाला. एका नारळासाठी आपण किती नारळ घालवले, हे पाहायला त्याला सवड नव्हती. तिकडे तराफा भरत चालला आणि इकडे होडी रिकामी होऊन नुसती डुलू लागली. अखेर माकडं हात झाडत म्हणाली, "सरखेल, एकच उरला!"

कोल्ह्याने रिकाम्या होडीकडे पाहिलं. पण रागापुढे कुणाचं काय चालतं? त्याने तो शेवटचा नारळ उचलला, होडीच्या काठावर पाय दिला आणि सगळा जोर लावून भिरकावला. हलकी झालेली होडी त्याच झोकात उलटली. माकडांनी काठावरच्या झाडावर उड्या मारल्या, कासव शांतपणे पोहत निघून गेलं आणि सरखेल गटांगळ्या खाऊ लागले. एवढ्यात त्यांच्या अंगावर जाळं पडलं.

"सोड मला!" कोल्हा जाळ्यातून केविलवाण्या आवाजात म्हणाला.

"असं कसं, सरखेल?" खेकडा म्हणाला. "पाण्यावर जे तरंगेल, ते ज्याच्या हाती आधी लागेल त्याचं."

त्या पावसाळ्यात कोल्हा खेकड्याच्या बिळाबाहेर बसून दातांनी नारळ सोलत होता. दहा सोलले की त्याला खायला एक मिळे. आणि नारळ होते एकशे एक.

तात्पर्य : रागाच्या भरात आपलीच शिदोरी शत्रूवर फेकू नये, आणि नियम करताना, उद्या आपणही पाण्यात पडू, हे लक्षात ठेवावे.